जास्तीचा उशीर

१

रोज सकाळी अकराला आणि दुपारी चारला मी वडिलांचे श्वास मोजत असे. नानांच्या छातीवरचं पांघरूण मिनिटभरात किती वेळा वर येतं ते बघायचं आणि आकडा वहीत लिहायचा. अठरा-वीस असले तर ठीक. तिसाच्या पुढे गेले तर डॉक्टरांना फोन करायचा. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घुरघुरायचं आणि खाली रस्त्यावर मेट्रोचं काम चालायचं. या दोन आवाजांची इतकी सवय झाली होती, की ते बंद पडले तरच माझं लक्ष जायचं.

फ्लॅट महादेवपुऱ्यात, सातव्या मजल्यावर, माझ्या भावाचा. तनयनं नानांना पुण्याहून इथं आणलं, त्यांना सांभाळायला मला आणलं, आणि वर्षभरात कंपनीनं त्यालाच परदेशी पाठवलं. दर रविवारी तो व्हिडिओवर नानांना बघायचा आणि म्हणायचा, "छान वाटतायत की, सुखदाताई." दुरून डोंगर साजरे, तसे दुरून वडीलही.

पुण्यात मी पंचवीस वर्षं मोडी वाचली. नानांनीच शिकवलेली. इथं त्या विद्येला कोण विचारतो? समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीनं एकदा विचारलं, "मोडी? कोणत्या कंपनीचं आहे ते?" चार वर्षांत मी कन्नडचा एक शब्द शिकले नाही. वय झालं, असं सांगायची. खरं म्हणजे राग होता. ज्या गावात आणताना मला कोणी विचारलं नाही, त्या गावाची भाषा मी का शिकावी?

नानांची एकच अट होती. दवाखान्यात न्यायचं नाही. "नळ्या नकोत, काचेपलीकडं ठेवणं नको. जे व्हायचं ते घरात होऊ दे, आणि जमलं तर होऊच देऊ नकोस," ते म्हणाले होते. मी शब्द दिला होता. माझ्याकडं द्यायला तेवढंच उरलं होतं.

दहा ते पाच अंबुबाई यायच्या. नानांना पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं हे त्यांचं काम. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इथं आलं आणि इथलंच झालं. मराठी बोलायच्या, पण तिच्यात कन्नड इतकं की मी अर्धं अंदाजानं समजून घ्यायची. एकदा लिफ्ट बंद होती. सात मजले चढून त्या दारात आल्या, भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "अक्का... स्वल्प थांबा... उसिरु... उसिरु..."

मी घड्याळ पाहिलं. "उशीर कुठे? दहाला पाच कमी आहेत."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मीही हसले. त्या का हसल्या ते मी विचारलं नाही.

त्यांची एकच गोष्ट मला खुपायची. नानांच्या खोलीच्या उंबऱ्यावर त्या थबकायच्या, तोंडावर पदर घट्ट दाबायच्या, कान देऊन क्षणभर उभ्या राहायच्या आणि मगच आत पाऊल टाकायच्या. आजाऱ्याच्या खोलीला वास येतो, मला ठाऊक आहे. पण ते माझे वडील होते.

२

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अंबुबाईंनी पिशवीतून एक बाड काढलं. पुठ्ठ्यावर हळदकुंकवाचे थर बसले होते.

"आमच्या आज्याच्या आज्याचं हाय. माझा थोरला भाऊ येसाजीअण्णा, त्याच्या देवघरात असतंय. दर दसऱ्याला पूजा करतो, पण वाचायला आता कुणालाच येईना. तुम्ही मोडी वाचता म्हणून अण्णानं दिलं."

चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला माझं काम सांगत होतं. मी हात धुऊन बाड उघडलं.

लिहिणारा वैद्य होता. एका युनानी हकिमापाशी शिकत असताना हकिमानं फारसी पोथीतून जे तोंडी सांगितलं, ते त्यानं आपल्या मराठीत उतरवून घेतलेलं. काढे, लेप, जळवा. मधेच एक प्रकरण वेगळ्या नावानं सुरू होत होतं: किलोदिम यवन वैद्य याचे बोल.

मी नानांना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे चमकले. "किलो-दिम? म्हणजे किलोभर दम असलेला गडी. माझ्याकडं छटाकभर उरलाय." आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

मी धारवाडला बिंदुमाधवांना फोन लावला. जुन्या ग्रीक वैद्यांच्या हरवलेल्या ग्रंथांचे तुकडे गोळा करण्यात या गृहस्थांचा जन्म गेलेला. नाव ऐकताच ते खुर्चीतून उठल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

"क्लिओदीमॉस! अहो, तो प्राणवाद्यांपैकी. ही मंडळी म्हणायची, शरीर चालतं ते आत ओढलेल्या वाऱ्यावर. त्यांचं लिखाण सगळं गेलं. उरलं ते इतरांनी खोडून काढण्यापुरतं उद्धृत केलं तेवढंच. याचं नाव तीन ठिकाणी येतं, तिन्ही ठिकाणी शिव्या खायला. आणि गंमत म्हणजे तिघेही एकाच वाक्यावर थांबतात. आजाऱ्याच्या खोलीत शिरताच आधी माणसे मोजावी."

"आणि पुढे?"

"पुढचं कोणीच देत नाही. एकानं म्हटलंय, पुढचं उतरवण्याजोगं नाही."

माझ्या मांडीवरच्या बाडात पुढचं होतं.

३

मोडी लिहिताना आधी पानभर रेघा ओढून घेतात आणि मग अक्षरं त्या रेघेला टांगत जातात. शब्द तोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ एकच. लिहिणारा स आणि श यांत भेद करीलच असंही नाही. कुठं तोडायचं आणि काय म्हणून वाचायचं, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. मी ठरवलं.

'खोलीत सिरता आधी माणसे मोजावी. मग उसिर मोजावे. जितुकी माणसे तितुके उसिर. एक उसिर जास्ती भरला तरी भिऊ नये, कोणाचा म्हणोन पुसू नये. तो रोग्यापासी येईल. ते समयी उसिर करू नये. जो उसिर न करी त्याचा रोगी उठे. जो करी त्याचा उसिर तो आपला म्हणोन घेई.'

उसिर म्हणजे उशीर. मोजायचा उशीर म्हणजे नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर. मी उताऱ्यावर तळटीप लिहून बिंदुमाधवांना त्यांच्या लेखासाठी पाठवली. ते हरखून गेले. "प्राणवाद्याच्या तोंडी नाडी जरा चमत्कारिक वाटते खरी, पण ठोक्यांमधला उशीर! ही नवीच परिभाषा हाती लागली, सुखदाबाई." मला शेवटचं कोणी असं वाखाणलं होतं ते आठवत नव्हतं. मी दिवसभर गुणगुणत होते.

नानांना मात्र ते पटलं नाही. "जितकी माणसं तितके उशीर, हे कसं?"

"प्रत्येकाची नाडी वेगळी, नाना."

"हं. आणि तो येईल म्हणजे कोण?"

"ताप असेल."

दोन वाक्यांमध्ये त्यांना विश्रांती घ्यावी लागे. "अर्थ ओढून आणावा लागतोय, पोरी. अशा वेळी शहाणपण खिशात घालावं आणि गावच्या माणसाला विचारावं. किती वेळा सांगितलं तुला?"

गावचं माणूस स्वयंपाकघरात पेज गाळत होतं. पण पंचवीस वर्षं मोडी वाचलेल्या बाईनं शब्दाचा अर्थ पेज गाळणाऱ्या बाईला विचारायचा? मी विचारलं नाही. उलट 'जो उशीर न करील त्याचा रोगी उठेल' हे वाक्य कागदावर ठळक लिहिलं आणि नानांच्या समोरच्या भिंतीवर चिकटवलं. शुभशकुन म्हणून.

४

पुढच्या आठवड्यात माझ्या चष्म्याची काडी मोडली. पांघरूण धूसर दिसायला लागलं, म्हणून मी डोळे मिटून कानांनी श्वास मोजले. अडतीस भरले. मी अंबुबाईंना हाक मारली. त्यांनी पांघरुणाकडं बघत मोजले आणि म्हणाल्या, "एकोणीस. सरी हाय की, ठीक हाय."

चष्मा दुरुस्त होऊन आला तरी तेच. डोळ्यांनी एकोणीस, कानांनी अडतीस. मी बावळट नाही. मशीनचा फुसकारा असेल, म्हणून मशीनचे फुसकारे वेगळे मोजले. ते निराळे होते. शेजारच्यांचा एसी असेल, तर तो बंद होता. मग माझा स्वतःचाच श्वास असणार, असं मी ठरवलं आणि खोलीबाहेर जाऊन, दाराआड उभं राहून पुन्हा मोजलं. अडतीस. त्यावर मी कान तपासून घ्यायचं ठरवलं. पन्नाशी उलटली की कानात काहीबाही वाजायला लागतं म्हणतात.

मग एका दुपारी चारच्या सुमाराला वीज गेली. मशीन थांबलं. सोसायटीचा जनरेटर सुरू व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढ्यात खोली लख्ख ऐकू आली. एक श्वास नानांचा, पातळ, शेवटाला शिट्टी वाजणारा. एक माझा. उंबऱ्यावर अंबुबाई पदर दाबून उभ्या, त्यांचा अजिबात नाही. आणि एक खिडकीपाशी. सावकाश, ओलसर, जेवण करून निवांत बसलेल्या माणसासारखा.

जनरेटर धडधडला. मशीन घुरघुरायला लागलं. अंबुबाईंनी पदर सोडला आणि जणू काही झालंच नाही अशा आत आल्या. माझी भीती कुठं तरी निघायला हवी होती, ती त्यांच्यावर निघाली.

"एवढा वास येतो तर उद्यापासून मास्क लावून या. रोज पदर लावता ते बघवत नाही मला."

त्या गोंधळल्या. "वास कसला, अक्का? तुम्ही ते बाड वाचलं की नाही?"

"वाचलंय. सगळं वाचलंय."

"मग सरी," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी खरोखर ओसरली. मला वाटलं, बाई मला खिजवते आहे.

५

"सुखदा, दुपारी खिडकीपाशी कोण बसतं?" नानांनी विचारलं.

"कोणी नाही, नाना."

"असेल मग कोणी नाही." दम खाऊन ते पुढं म्हणाले, "तुझ्यासारखंच मोजतो तो. माझे मोजून झाले की तुझे मोजतो."

ऑक्सिजन कमी पडला की माणसाला भास होतात, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी मशीनचा काटा थोडा वाढवला. पण त्या दिवसापासून चारची मोजणी करताना मी खिडकीकडं पाठ करून बसायला लागले.

६

गुरुवारी पावणेचारला वीज गेली आणि जनरेटरही लागला नाही. रस्त्यावरचं कामही त्या दिवशी बंद होतं. सुट्टी असावी. सातव्या मजल्यावर मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती.

जादाचा सिलिंडर हॉलमध्ये होता. मी उठले आणि दारात वळून पाहिलं. खिडकीपाशी कोणी नव्हतं. तो श्वासही आता तिथं नव्हता. कपाटापाशी होता. मग पलंगाच्या पायथ्याशी. चालण्याचा आवाज नव्हता, नुसता श्वास पुढे सरकत होता.

मी हॉलकडं धावले. सिलिंडर जड, त्याचं एक चाक तुटलेलं. ओढत ओढत आणताना मला धाप लागली. डोक्यात एकच वाक्य होतं, भिंतीवर मीच चिकटवलेलं. तो रोग्यापाशी येईल, त्या वेळी उशीर करू नये. मला आता सगळ्याचा अर्थ लागत होता. घाई करायची. जो उशीर न करील त्याचा रोगी उठेल.

उंबऱ्यावर अंबुबाई होत्या. एका हातानं पदर नाकातोंडावर इतका घट्ट दाबलेला, की बोटं पांढरी पडली होती. दुसरा हात त्यांनी माझ्यासमोर उभा धरला, पंजा पसरून. डोळे विस्फारलेले. त्या काही बोलत नव्हत्या, नुसत्या जोरजोरात मान हलवत होत्या.

त्यांच्या खांद्यावरून मला नाना दिसले. पंखा बंद होता, खिडकी बंद होती. नानांच्या कपाळावरचे विरळ पांढरे केस भिंतीच्या बाजूला झुकले, जरा थांबले, परत सरळ झाले. पुन्हा झुकले. कोणीतरी अगदी जवळून, वाकून त्यांना बघत असावं तसे.

"बाजूला व्हा, उशीर होतोय," मी ओरडले आणि अंबुबाईंना ढकललं. त्या चौकटीवर आदळल्या, तरी तोंडावरचा पदर सुटला नाही. मी पलंगावर वाकले, नानांच्या तोंडाजवळ तोंड नेलं. धापा टाकत होते मी. "नाना, आले मी. उशीर नाही केला बघा. नाना!"

केस थांबले. आणि मग माझ्या बाजूला वळले.

माझी धाप बाहेर गेली आणि पुढची आत घ्यायला गेले तर आत काही आलंच नाही. किती वेळ, ते सांगता येत नाही. नाना बघत होते, पण माझ्याकडं नाही, माझ्या खांद्यामागं. त्यांना फार वाईट वाटल्यासारखा चेहरा होता. पांघरूण खाली गेलं आणि मी ते वर येण्याची वाट बघत राहिले. मग कुठून तरी माझ्या छातीत हवा शिरली आणि मी मोठ्यानं रडायला लागले. वीज आली. मशीन आता कोणासाठीही नसताना घुरघुरायला लागलं.

७

तनय आला, दिवस करून गेला. "शांतपणे गेले गं, ताई. घरी गेले, त्यांची इच्छा होती."

तो गेल्यावर अंबुबाई बाड न्यायला आल्या. त्यांच्या भुवईवर चौकटीची खोक अजून वाळत होती. मी माफी मागितली. त्यांनी ती उडवून लावली आणि खाली बसल्या.

"पण अक्का, तुम्हाला ठाऊक असून असं का केलं? मी हात दाखवला की. उसिरु धरा म्हणून."

"उशीर कसा धरायचा, अंबुबाई?"

"उशीर न्हवं. उसिरु." मला कळत नाही असं दिसल्यावर त्यांनी माझा तळहात उचलला आणि माझ्याच नाकाखाली धरला. हाताला ऊब लागली, गेली, परत लागली. "हे. हे उसिरु."

मी हात तसाच धरून बसले. माणसे मोजावी, मग श्वास मोजावे. एक श्वास जास्त भरला तरी भिऊ नये. त्या वेळी श्वास करू नये. जो न करील त्याचा रोगी उठेल. आणि जो करील, त्याचा श्वास तो आपला म्हणून घेईल.

"आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतंय," अंबुबाई सांगत होत्या. "तो जवळ आला की सगळ्यांनी उसिरु धरायचा. तो बघतो, खोलीत कुणी नाही असं वाटतं त्याला, निघून जातो. आमची म्हातारी अव्वा अशीच उठून बसली होती. नंतर बारा वर्षं जगली."

"मग ओरडायचं ना मला! बोलायचं ना तोंडानं!"

"बोलायला उसिरु लागतो की, अक्का."

"आणि आधी? इतके दिवस होते. आधी का नाही सांगितलंत?"

त्या खऱ्याखुऱ्या चकित झाल्या. "तुम्ही वाचलं होतं. मला अक्षर येत नाही. मी तुम्हाला काय सांगणार?"

त्या संध्याकाळी मी बिंदुमाधवांना फोन केला. ते म्हणाले, अरेरे, पण लेख तर छापून गेला, नाडीच्या उशिरावर चार ठिकाणांहून पत्रंही आली. पुढच्या अंकात बघू. दोन हजार वर्षांनी सापडलेला माणूस मी पुन्हा हरवला, आणि या वेळी कोणी शिव्याही दिल्या नाहीत. उलट तळटिपेत माझे आभार आहेत.

८

तनय म्हणतो, फ्लॅट रिकामा ठेवण्यापेक्षा तू राहा. मी राहते. मशीन परत गेलं. अंबुबाई आता दुसरीकडं जातात. त्यांनी येसाजीअण्णाला सांगून मला त्यांच्या घरी राहायलाही बोलावलं, पण उंबऱ्यापर्यंत येऊन त्यांनी कान दिला, माझ्याकडं बघितलं आणि आग्रह केला नाही. जाताना पदर तोंडावर होता.

सवय जात नाही. अकराला आणि चारला मी त्या खोलीत खुर्ची घेऊन बसते. आधी माणसं मोजते. एक. मग श्वास मोजते. हल्ली मी तोंड मिटते, दोन बोटांनी नाक चिमटीत धरते, आणि माझा श्वास तरीही ऐकू येतो. अगदी माझाच. घाईचा, धाप लागलेला, त्या गुरुवारचा. नाक सोडून मी श्वास घेतला की माझ्या डाव्या खांद्यामागं तोही घेतो, माझ्यानंतर, किंचित मागून.

म्हणजे माझं वाचन अगदीच चुकलं नव्हतं. दोन्हींच्या मध्ये थोडा उशीर आहे, आणि तो मोजता येतो. मी नानांच्या वहीतच लिहून ठेवते. पहिल्या दिवशी तो दोन सेकंदांचा होता. आज चार वाजता जेमतेम अर्धा भरला.